बंधाऱ्याच्या ठेकेदारामागे सोलापूरला

आमच्या गावचा समुद्र वाट बघत नाही, म्हणून आम्ही पहाटेच निघालो. गाडी माझा दीर बबन चालवत होता. मी शेजारी बसले होते आणि मागच्या सीटवर भेटवस्तूंची पिशवी होती. काजूगर, आमसुलं, कोकमाच्या आगळाची बाटली आणि वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधलेले सुके बांगडे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढा व्यवहार उपसरपंच म्हणून मी शिकले आहे.

काम सोपं होतं. गावच्या किनाऱ्यावर धूप-प्रतिबंधक बंधारा बांधणारे ठेकेदार शिवानंद काम अर्धवट टाकून आपल्या गावी, सोलापूरकडे निघून गेले होते. त्यांना परत आणायचं. बंधारा जिथे संपत होता, तिथून पुढे सुलोचनाकाकींचं घर उघडंच होतं. गेल्या पावसाळ्यात त्यांचे माड समुद्राने नेले होते. या पावसाळ्यात घराची पाळी होती.

गावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. समुद्राला भिंत घालणं हे गावाच्या मनावर नसतं. आधी ग्रामसभेचा ठराव, मग पाहणी, मग नकाशे, मग मुंबई. किनाऱ्यावर काही बांधायचं तर त्याची परवानगी वेगळी. मंजुरी आली तरी पैसा एकदम येत नाही. थोडं काम झालं की साहेब येऊन मोजतात, मोजलेलं वर जातं, वरून हप्ता खाली येतो आणि मग पुढचं काम. बहुतेक वेळा साहेबांना यायला जमतं तेव्हा नेमकी भरती असते आणि मोजायची भिंत पाण्याखाली असते. ठेकेदार पळाला तो बिल अडकल्यामुळे, असा आमचा सर्वांचा ठाम समज होता. म्हणून मी आधी तालुक्याला खेटे घालून ते मोजमाप करून घेतलं आणि मगच निघाले.

आंबा घाट चढेपर्यंत हवा आपली होती. सांगोल्याच्या पुढे तिने ओळख दाखवणं सोडलं. मंगळवेढ्याच्या अलीकडे बबन म्हणाला, "वहिनी, इथले लोक घाम कुठे ठेवतात? मला तर येतच नाही."

"वाळतो," मी म्हटलं. "तू समोर बघून चालव."

सोलापुरात शिरताना एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीचा नंबर बघून विचारलं, "कोकणातनं आलाव जनू?"

"हो. ठेकेदाराला भेटायला. आमच्याकडे समुद्राला बंधारा घालायचाय."

"मग त्ये पानी अडवून कशाला देता? उसाला?"

"पाणी वापरायला नाही हो. घरात येऊ नये म्हणून."

त्याने किटली खाली ठेवली आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. "ऐकलं का मामा? आपल्याकडं पानी घरात यावं म्हनून सरकार टँकर धाडतंय, आनि ह्यांच्याकडं पानी भाईर ऱ्हावं म्हनून पैसे देतंय!"

मामा शांतपणे म्हणाले, "मंग तिकडचं हिकडं सोडा की. भिंतीचा खर्च वाचंल."

मी चहाचे पैसे ठेवले. असा ठराव आमच्या ग्रामसभेतही कधी आला नव्हता.

शिवानंद यांचं गाव अक्कलकोट रस्त्याला, आत थोडं कच्च्या वाटेने. दारात त्यांची आई उभी होती. साठी उलटलेली, ताठ, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. घरात तिला सगळे कानडीत अव्वा (आई) म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

"बर्री (या), कूड्री (बसा)," अव्वाने घोंगडी अंथरली. "लई लांबनं आलाव."

शिवानंद आतून आले आणि मला बघून पुन्हा आत जायला वळले. अव्वाच्या नजरेने ते बसले. आमच्याकडे आले तेव्हा अंगाने भरलेले होते, आता सदरा खुंटीला लावल्यासारखा अंगावर लोंबत होता.

मी वेळ न घालवता सुरू केलं. मोजमाप झालंय, हप्ता निघतोय.

"बिलाचं काय न्हाई ताई," ते म्हणाले. "बिल येतंय की."

"मग दगड मिळत नाही?"

"दगड लई हाय."

"मजूर?"

"मजूर तर तितंच राहायचं म्हनत हुते. मीच आनलं त्यास्नी माघारी."

मी तयारी करून आणलेली सगळी उत्तरं संपली आणि प्रश्न जागेवरच राहिला. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. पापडासारखी कडक भाकरी, शेंगाचटणीवर तेलाची धार, पातळ आमटी आणि वाटीत हुग्गी (गव्हाची खीर). कडक भाकरी कशी खातात हे बबनला माहीत नव्हतं. त्याने ती दोन्ही हातांनी मोडली, तुकडे घोंगडीभर उडाले आणि अव्वा तोंडाला पदर लावून हसली. वातावरण जरा सैल झालंय असं बघून मी भेटवस्तूंची पिशवी पुढे केली.

काजूगर झाले, आमसुलं झाली. मग अव्वाने वर्तमानपत्र सोडलं.

दिवसभर बंद गाडीत तापलेल्या सुक्या बांगड्याचा वास कसा असतो, ते आपल्या लोकांना सांगायला नको. आपल्याला तो घरचा वाटतो. अव्वा मात्र उभी राहिली.

"ह्ये काय हाय ओ?"

"सुका बांगडा," मी अभिमानाने म्हटलं. "उत्तम आहे. शिवानंदभाऊंना फार आवडतो."

अव्वा हळूच मुलाकडे वळली. "आवडतो?"

"अव्वा, मी खाल्लं न्हाई! लिंगाची आन!" शिवानंद जवळजवळ ओरडले.

मग सगळं बाहेर आलं. ते गावात आले तेव्हा माणसाची आबाळ नको म्हणून मीच घराघराच्या पाळ्या लावल्या होत्या. रोज एका घरून त्यांना डबा. पहिल्याच दिवशी त्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं की मी मासे खात नाही. आम्ही ते मनावर घेतलं आणि लगेच भाज्या सुरू केल्या. आता आपल्याकडे जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, घातलेल्या वांग्याला वांग्याची भाजीच म्हणतात, याला काय करायचं? झाकण उघडताच वास यायचा. डबा परत पाठवला तर बायका नाराज होतील, म्हणून ते तो मजुरांना द्यायचे आणि रिकामा डबा घासूनपुसून परत करायचे. घासलेला डबा बघून त्यांना आता मासे आवडू लागले असं आम्ही धरलं आणि पुढच्या घरची बाई खूश होऊन आणखी जवळा घालायची. मजूर गुबगुबीत झाले. शिवानंद घरून नेलेल्या शेंगाचटणीवर आणि कडक भाकरीवर दिवस काढत राहिले. चटणी संपली तशी ते गाव सोडून आले.

"आवो, मग सांगायचं की," मीसुद्धा नकळत त्यांच्यासारखी बोलले.

"कसं सांगू ताई? एवढ्या मायेनं आनायच्या. भांडून गेलो आसतो तर बरं हुतं. मायेशी कसं भांडायचं?"

बबन मध्येच म्हणाला, "वहिनी, आपल्या पाळीच्या डब्यात तर तू कोलंबी 'अगदी थोडी' घातली होतीस." दिरांना गाडीतच ठेवून यायला हवं.

मी अव्वापुढे हात जोडले आणि वचन दिलं की यापुढे डबा बंद, वेगळी चूल, वेगळी भांडी. अव्वाने ऐकून घेतलं. मग बांगड्याचं पुडकं चिमट्याने उचलून अंगणापलीकडे ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या भांड्याचा भरोसा न्हाई बाई. मीच येते."

दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत ज्वारीचं पोतं, तवा, चटणीचे डबे आणि अव्वा होती. शिवानंद मजुरांचा टेम्पो घेऊन मागे. घाट उतरताना अव्वाला गाडी लागली, तरी बांगड्यांसोबत आलेल्या आमच्या आमसुलाला तिने हात लावला नाही. धुऊन दाखवल्यावर एक घेतलं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरती चढत होती. अव्वाने आजवर समुद्र पाहिला नव्हता. ती बंधाऱ्याच्या कडेकडेने चालत त्याच्या टोकापर्यंत गेली.

"ह्याच्या म्होरं कोन ऱ्हातंय?"

"सुलोचनाकाकी. एकट्याच असतात."

"आनि त्यांच्याम्होरं भित?"

शिवानंद दगडांकडे बघत उभे होते. पाणी काकींच्या कुंपणाशी येऊन मागे जात होतं. काकी पडवीत उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

अव्वाने मुलाला हाक मारली. "एवढं पानी बगून तू भाजीसाटनं पळालास? उपाशी ऱ्हायला आसतास तरी चाललं आसतं." मग काकींकडे वळून म्हणाली, "बाई, पडवी रिकामी हाय का? माजी चूल येगळी लावीन. तुमाला तरास न्हाई."

पोतं तिथेच उतरलं.

ठेकेदार पळू नये म्हणून सरकार त्याच्याकडून अनामत रक्कम घेऊन ठेवतं. तीही होती, करारही होता, नोटिसाही गेल्या होत्या, तरी माणूस गेला तो गेलाच. अंदाजपत्रकात दगड असतो, वाहतूक असते, मोजमाप असतं. तो दगड लावणारा माणूस काय जेवेल, हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते आमच्यावर सोडलेलं असतं आणि आम्ही त्यात जवळा घालतो. यापुढे बाहेरचं कोणी कामाला आलं, तर आधी विचारायचं आणि मग ऐकायचंही, असं मी सर्व घरांना सांगितलं आहे.

हे लिहीपर्यंत बंधारा काकींच्या कुंपणापाशी पोचला आहे. भरतीचं पाणी अजून पडवीच्या पायरीला लागतं, पण पहाटे पहिला दगड टाकायला शिवानंद स्वतः हजर असतात. परवा साहेब आले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कधी द्यायचा ते ठरवू म्हणाले. अव्वा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी कागूद कवाबी द्या. मी हितनं उठीन तवाच भित पुरी झाली म्हना."