पाठमोरी

लिफ्टवाल्या काकांनी एकतीस वर्षं एकाच इमारतीत नोकरी केली, आणि तीही चार बाय चारच्या पेटीत. कोपऱ्यात एक स्टूल, हाताशी बटणांची पट्टी आणि दारावर मजल्यांचे आकडे. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस मजला सांगायचा आणि लगेच आकड्यांकडे तोंड वर करून उभा राहायचा. काकांच्या तोंडाकडे बघायचं कुणाला काही कारणच नव्हतं. एकदा त्यांनी वीस वर्षांची मिशी काढून टाकली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. नाही म्हणायला पाचव्या मजल्यावरच्या एका साहेबांनी विचारलं, "नवीन आलात का?"

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांची बायको गेली. 'ही' असंच ते तिला म्हणत, तिच्या मागंही आणि समोरही. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, असं ते सगळ्यांना सांगत. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. तो आला, दहा दिवस राहिला, घरातल्या नळाची गळती काढून दिली आणि गेला. मग रविवारी त्याचा फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, काही हवंय का. काकांची उत्तरंही ठरलेली. हो, हो, नाही.

दोन खोल्यांच्या घरात काका आता एकटे. एका माणसाचा स्वयंपाक करणं म्हणजे मोठी कटकट. एक तर उरतो, नाही तर पुरत नाही. उरलेलं ते दुसऱ्या दिवशी खात, न पुरलेलं पाणी पिऊन भागवत. कधीकधी दुपारी चार वाजता त्यांच्या ध्यानात येई की आज सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग ते मुद्दाम खाली जाऊन दुकानदाराला काडेपेटीचा भाव विचारत.

एक दिवस दवाखान्याच्या बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसले असताना समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सातव्या मजल्यावरच्या मातीवाल्या बाई. चित्रकलेच्या शाळेत त्या मूर्तिकाम शिकवायच्या, आणि त्यांच्या पिशवीतली ओली माती लिफ्टमध्ये सांडली की काका मुकाट्यानं पुसून घ्यायचे.

"काका, तुम्ही अजून तसेच बसता."

"कसा?"

"ढिम्म. पाऊण तास बघतेय मी, तुमचा खांदासुद्धा हलला नाही. आमच्या शाळेत बसायला याल? मुलांना समोर माणूस लागतो."

"काम काय करायचं?"

"बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

काकांना हसू आलं. "म्हणजे आयुष्यभर केलं तेच."

शाळेतला तो वर्ग लांबलचक होता. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, फरशीवर रंगांचे वाळलेले थेंब, मधोमध एक ओटा आणि ओट्यावर खुर्ची. काका खुर्चीत बसले आणि बावीस मुलंमुली त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. पहिल्या पाच मिनिटांत काकांना घाम फुटला. आपल्या शर्टाचं बटण तुटलंय की काय, असं वाटून ते मनातल्या मनात चाचपून बघू लागले. मुलं एक डोळा मिटत, हात ताठ करून पेन्सिल समोर धरत आणि तिच्यावर अंगठा सरकवून त्यांचं नाक मापत. मग कागदावर कोळशाच्या कांड्यांची खरखर सुरू होई. चुकलेलं पुसायला पावाचा आतला मऊ गर घेत. काका पहिल्या दिवशी मनात म्हणाले, खायच्या वस्तूची काय ही नासाडी! पण त्या गरानं कोळसा असा अलगद उचलला जाई की तेही बघत राहत.

हळूहळू त्यांना एकेक गोष्ट कळायला लागली. पाण्याच्या रंगात पांढरा रंग लावतच नाहीत, तो कागदाचाच राखून ठेवतात. म्हणून काकांचे पिकलेले केस म्हणजे मुलांनी काही न करता सोडलेली जागा. तेलरंगाच्या दिवशी वर्गात जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंदून जाई. आधी पातळ थर, मग जाड. उलटं केलं की वर्षभरात चित्राला भेगा पडतात. लाकूड कोरून छापणाऱ्या मुलानं त्यांचा ठसा काढला तेव्हा डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला होता.

"अरे, माझा तीळ पळवलास की!"

"काका, छापात सगळं उलटंच येतं. मीच उलटं कोरायला विसरलो."

मधल्या सुट्टीत काका सगळ्या चित्रांपुढून हात मागे बांधून चालत जात. बावीस माणसं. कुणी रागीट, कुणी पेंगुळलेला, एक तर थेट त्यांच्या थोरल्या चुलत्यासारखा. त्यातला आपण कोणता, हे त्यांना ठरवता येत नसे. मातीवाल्या बाई मागून येत आणि मुलांना रागावत, "नीट बघत नाही आणि नुसतं काढत सुटता. बघितलं नाही की हात थापा मारतो!"

इतकी माणसं आपल्याकडे बघतात, याचं काकांना पहिले काही महिने फार अप्रूप वाटलं. ते दाढी नेमानं करायला लागले. पण मुलं त्यांच्या नाकाचा उतार बघत होती, गालावरची सावली बघत होती. एकदा त्यांना सर्दी झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रुमाल काढणार तोच एक जण ओरडला, "काका, पुसू नका, पुसू नका! उजेड मस्त पडलाय!" काका तसेच बसून राहिले. घरी जाताना त्यांना वाटलं, आपण खरंच रडत असतो तरी हे असंच झालं असतं.

हिवाळ्यात बाईंनी स्वतः त्यांचं डोकं मातीत करायला घेतलं. शाळेच्या मागं त्यांची कामाची खोली होती. लाकडाच्या खुंटाला तारेचा सांगाडा, त्यावर मातीचे गोळे थापायचे, मग कॅलिपरचं एक टोक काकांच्या कानाशी आणि दुसरं नाकाच्या शेंड्याशी टेकवून माप घ्यायचं. लोखंड गार लागे. काम संपलं की बाई त्या डोक्याभोवती ओलं फडकं गुंडाळत, म्हणजे माती सुकत नाही. चार आठवड्यांनी ते डोकं पुरं होत आलं आणि बावीस चेहऱ्यांत जे कधी जमलं नव्हतं ते झालं. काकांनी स्वतःला ओळखलं. खालचा ओठ किंचित पुढं, काहीतरी सांगायचं होतं आणि राहून गेलं तसा.

बराच वेळ घुटमळून ते म्हणाले, "बाई, हिचं होईल का असं?"

"फोटो आहे?"

फोटो दोनच होते. एक ओळखपत्राचा, त्यावर पाणी पडून चेहरा विरघळलेला. दुसऱ्यात ती मुलाच्या शाळेत घोळक्यात उभी, पुढच्या बाईच्या खांद्याआड निम्मी गेलेली.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मातीचा मोठा गोळा मळून पाटावर घेतला. "अडतीस वर्षांचा संसार तुमचा. तुम्ही सांगा, मी करते. कपाळ कसं होतं? रुंद?"

"मध्यम."

"भुवया?"

"होत्या."

बाई हसल्या नाहीत. "कान? गालाला चिकटलेली पाळी, की सुटी?"

काकांनी स्वतःच्याच कानाची पाळी चाचपून बघितली.

"नाक सांगा. माझ्यासारखं? की बसकं?"

काकांनी डोळे मिटले. तिचा आवाज ऐकू आला, तिच्या बांगड्या ऐकू आल्या, चालताना तिची डावी चप्पल फरफटायची तीही ऐकू आली. चेहऱ्याच्या जागी मात्र त्या भिजलेल्या फोटोतला डाग. बाईंचे हात मातीवर थांबून राहिले होते. काका उठले, 'येतो' म्हणाले आणि गेले. पुढचे पंधरा दिवस ते शाळेत फिरकले नाहीत.

सोळाव्या दिवशी ते मेव्हणीच्या दारात उभे होते. बायकोची ही धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बहीण गेल्यापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. तेराव्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "चार दिवसांचा ताप? सहा महिने झिजत होती ताई. तुमच्या डोळ्यांना दिसलं नाही!"

मेव्हणीनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"काय हवंय भावजी?"

"एक विचारायचं होतं. हिचे कान कसे होते?"

मेव्हणीनं त्यांच्याकडे असं बघितलं की काकांना वाटलं, आता ही दार लावून घेणार. पण ती आत गेली आणि दार उघडंच राहिलं. काका चप्पल काढून आत जाऊन बसले. पाण्याचा पेला पुढ्यात आदळून ती म्हणाली, "लहान होते. आणि डावी पाळी फाटलेली. बाळ सहा महिन्यांचं असताना त्यानं कानातलं ओढलं होतं. टाके नको म्हणाली. मग केस असे पुढं घ्यायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

काका पाणी प्यायले. पुढचं काही विचारायचा त्यांना धीर झाला नाही. निघताना मेव्हणी म्हणाली, "कान सांगितला. बाकीचं तुमचं तुम्ही आठवा."

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले आणि कान कसा होता ते सांगितलं.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. "एका कानावर चेहरा नाही हो उभा राहत, काका. तुम्ही घरी आल्यावर ती कुठं असायची? काय दिसायचं तुम्हाला?"

"पाठ," काका म्हणाले.

आणि मग जे ते बोलायला लागले ते थांबेनातच. ती शाळांचे गणवेश शिवायची. मशीन खिडकीशी, तोंड उजेडाकडे, पाठ दाराकडे. काका कामावरून येत, खाटेवर बसत आणि दिवसभराचं सांगत. ती मशीनचं पायडल न थांबवता 'हं, हं' करायची. अडतीस वर्षं त्यांचं बोलणं असं तिच्या पाठीशी झालं होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, कापड सरकवून सरकवून. मानेचं पहिलं हाड टपोरं, बोरासारखं. अंबाडा कधी मधोमध नाही, डावीकडे कललेला, त्यातून एक बट कायम सुटलेली. दोरा तोडायला दातांशी न्यायची तेव्हा मान अशी वाकायची, आणि खांद्यांचे दोन्ही फरे कपड्याखालून वर यायचे.

"अशी म्हणजे कशी?" बाई मातीत हात घालून म्हणाल्या. "दाखवा."

काकांनी मान वाकवून दाखवली. मग त्यांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःच पुढं होऊन मातीवर अंगठा दाबला आणि उजवा खांदा खाली घेतला.

बाईंनी उठावाचं काम करायचं ठरवलं. पुस्तकापेक्षा थोडा मोठा मातीचा पाट, त्यातून काकांची बायको वर उठलेली, पाठमोरी. "तोंड पलीकडे आहे," बाई म्हणाल्या, "आपल्याला न दिसणारं आपण करायचं नाही." काका रोज दुपारी जाऊन बसत. "मान अजून बारीक... नाही, एवढी नाही." तारेच्या कड्याच्या कोरणीनं माती खरवडली जाई, पुन्हा चढे. फाटलेली पाळी बाईंनी सर्वांत शेवटी केली, लाकडी कोरणीच्या टोकानं एकच चीर. मग पाट मागून पोकळ केला, कारण जाड मातीत ओल राहिली की भट्टीत फुटते. तीन आठवडे तो कागदाखाली सावलीत सुकवला. भट्टी लावली त्या दिवशी काका बाहेर बसून राहिले. पाट निघाला तेव्हा विटकरी झाला होता, आणि खालच्या कोपऱ्यापासून एक बारीक तडा गेला होता. बाई हळहळल्या. भरून देते म्हणाल्या. काकांनी नको म्हटलं.

बाईंनीच फोटो काढून मुलाला पाठवला. त्या रात्री, रविवार नसताना, फोन आला. मुलगा म्हणाला, "आई शिवायला बसलीय."

"हो."

"बाबा, मलाही ती अशीच दिसते हो." एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

काकांनी पाट खिडकीशी लावला. काही आठवड्यांनी मेव्हणी आली. मुलानं तिला कळवलं होतं. तीन जिने चढून दमली होती, तरी बसली नाही. पाटासमोर उभी राहून तिनं चष्मा लावला, मान बघितली, खांदे बघितले, कानाच्या चिरेवरून बोट फिरवलं.

"ही आधीची आहे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी खांद्यांची हाडं वर आली होती."

"ती मला आठवत नाही," काका म्हणाले. "मी बघितलीच नाही."

काकांनी चहा टाकला. दोन माणसांचा अंदाज चुकून तो जास्तच झाला. ती दीड कप प्यायली आणि कप तिनं स्वतः विसळून पालथा घातला. ती चपला घालून वळली तेव्हा काका तिच्याकडे बघत राहिले. हनुवटीखाली तीळ, डाव्या भुवईत एकच पांढरा केस, डोळ्यांखाली थकव्याचे दोन पदर.

"काय बघताय?"

"बरं नाही का तुला?"

तिनं चष्मा काढून पिशवीत टाकला. "गुडघे दुखतात," म्हणाली, आणि कठडा धरून सावकाश जिना उतरू लागली. खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत काका वरच उभे होते. त्या वर्षात ती आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा फार बसली नाही.