ट्रकचे वाढीव पाटे

मित्रहो, आज दुपारी लाखनीच्या गॅरेजात मी माझ्या तीस वर्षांच्या पोराच्या कानाखाली जाळ काढला.

जंगलातून लाकूड आणणाऱ्या आमच्या ट्रकच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये, त्याला जास्तीचे पाटे टाकायचे होते. ड्रायव्हर म्हणाला, "नोका टाकू, भाऊ. गाडी दबते, तवाच तं समजते वजन जास्त झालं म्हणून."

पोरानं त्याच्यावर हात उचलला. मी पोरावर.

ऐंशी सालाच्या आसपास, मी शाळेत असताना, आमच्या अड्याळच्या अंगणात बाबांचा ड्रायव्हर डोमाजी हेच बोलला होता. बाबांनी त्याला सगळ्यांदेखत चपलेनं मारलं आणि दोन पाटे टाकून घेतले. मग कितीही लाकूड भरा, ट्रक दबेचना. बाबा भरतच गेले.

आठव्या दिवशी नाल्यात गाडी उसळली. लाकडांवर बसलेला डोमाजीचा भाऊ मागच्या चाकाखाली गेला. स्टेअरिंगवर डोमाजीच होता.

तो रक्तानं भरलेल्या कपड्यांनीच घरी आला. चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं त्यानं बाबांचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. आई किंचाळत होती. बाबा म्हणाले, "मार. माहीच चूक आहे." पोलिसांना त्यांनी स्वतःच सांगितलं, विहिरीवर पडलो.

"बाबा, काहून मारलं?" पोरानं आज गाल धरून विचारलं.

त्यानं आजोबांना जन्मभर डाव्या हातानं जेवताना पाहिलं. का, ते मी त्याला कधी सांगितलंच नाही.

आता तुम्हीच सांगा, आज कानाखाली कोणाच्या वाजायला पाहिजे होती?