फळी एक वीत खाली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पान लावायच्या निमित्तानं बैठकीतून उठून जाणारा मी माणूस. भीतीनं नव्हे हो... कंटाळ्यानं. सांगणाऱ्यानं स्वतः कधीच काही पाहिलेलं नसतं, त्याच्या मावसभावानं पाहिलेलं असतं. म्हणून आधीच सांगतो, हे माझ्याच घरात घडलं, भर दुपारी, आणि माझ्यापेक्षा शहाणा एक माणूस शेजारी उभा असताना.

मी नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. महालात भाड्याच्या दोन खोल्या, मागे पडवी. रविवारी त्या पडवीत रंधा मारत बसायचा मला नाद आहे. नादच म्हणतो, कसब म्हटलं तर घरातलेच हसतील. माझ्या पहिल्या स्टुलाचे तीन पाय जमिनीला टेकत आणि चौथा विचार करत असे. गल्लीच्या तोंडाशी राहणारे गणबा मिस्त्री, पिढीजात सुतार, माझं काम बघून म्हणत, "बाबू, तुमची फाईलच बरी." पण करवत धरायला शिकवलं तेही त्यांनीच.

चार वर्षं झाली. लढाई चालू होती तेव्हा. आमच्या मंडळींच्या उजव्या काखेत गाठ आली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. बाई तशी धीराची. पण दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी पेटीतली लुगडी बाहेर काढून, घातलेल्या घड्याच पुन्हा घालत बसली. मी म्हटलं, परत येशील तेव्हा पेटीसाठी वाकावं लागणार नाही, कपाट तयार ठेवतो. सावनेरच्या मेव्हण्यानं पाठवलेल्या सागवानाच्या फळ्या पडवीत पडूनच होत्या.

गणबांची एक रीत होती. घरच्या बाईचं कपाट फुटा-इंचांवर करायचं नाही. तिला भिंतीशी उभं करून हात वर करायला सांगायचा, तळहात टेकेल तिथं खूण करायची, आणि जमिनीपासून खुणेपर्यंत सुतळीनं माप घ्यायचं. वरची फळी त्या मापावर. त्याप्रमाणे ती उभी राहिली. हात वर नेताना जराशी कळवळली, पण नेला पुरता वर. मी पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारली.

"लवकर करा," ती म्हणाली, "नाहीतर मी घरी येईन, अन् तुम्ही रंधाच मारून राहाल."

दवाखान्यात तिला ताप भरला, म्हणून ऑपरेशन दोन आठवडे लांबलं. तेवढ्यात कपाटाचा सांगाडा उभा राहिला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी मी सुतळी लावून कपाटात खुणा केल्या, पट्ट्या स्क्रूनं आवळल्या, वर फळी सरकवली आणि कपाट रेघेशेजारी भिंतीला लावलं.

फळी रेघेच्या एक वीत खाली.

मला हसूच आलं. माझ्या कामात वीतभर चूक म्हणजे बरंच बरोबर! सुतळी पुन्हा रेघेला लावली... बरोबर. तीच सुतळी कपाटाला लावून पट्ट्या नव्यानं बसवल्या. पुन्हा एक वीत खाली. आता हसू आलं नाही. गणबांना बोलावून आणलं.

ते आले ते मिश्कील चेहऱ्यानंच. मला बाजूला बसवलं. आपल्या गजानं रेघेची उंची घेतली, आपल्या हातानं खूण केली, आपल्याच हातानं पट्ट्या ठोकल्या. कपाट भिंतीला लावलं.

एक वीत खाली.

जमिनीला उतार असेल म्हणून त्यांनी परातीत पाणी घालून पाहिलं. उतार नव्हता. मग गज फळीला लावला, तिथून उचलून रेघेला लावला. वीतभर अंतर दोघांच्या डोळ्यांसमोर, आणि गजावर माप एकच. त्यांनी गज धोतराला पुसला आणि पिशवीत घातला. चहाला नको म्हणाले. दारात मात्र थांबले.

"राहू द्या बाबू. आता तिथंच राहू द्या."

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. सगळं ठीक होईल, असं डॉक्टर म्हणाले. मी तेच तिच्या खाटेशी बसून दहादा सांगितलं, होतीस तशी होशील. मला तेवढंच ठाऊक होतं.

महिन्यानं ती घरी आली. जखमेच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा कळलं, उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. आतली शीर दुखावली म्हणे. कपाटाशी जाऊन तिनं लुगडं ठेवायला हात उचलला, आणि तळहात वरच्या फळीवर टेकला. त्याच्या वर बोटभरही गेला नसता. मला क्षणभर बरं वाटलं... खोटं कशाला सांगू.

तिनं फळीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेघेकडे.

"डॉक्टरनं तुम्हाले आधीच सांगितलं होतं नं?"

"काय?"

"हात जाईल म्हणून. नाहीतर फळी खाली काहून लावली?"

मी सगळं सांगितलं. सुतळी, गज, परातीतलं पाणी. सांगता सांगता माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी गणबांना साक्षीला आणलं. त्यांनी मुलाबाळांची शपथ घेतली. तिनं शांतपणे ऐकलं, त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाली, "मित्र चांगला हाय तुमचा."

भांडली नाही. कपाट रोज वापरते. वरच्या फळीवर लुगडी असतात. त्या दिवशी गज काय मोजत होता, हे गणबांनाही कळलेलं नाही आणि मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर कळवा. मला नाही पटलं तरी चालेल, तिला पटेल असं काहीतरी हवं आहे.

गेल्या पंधरवड्यात मलाच ताप आला होता. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. साधा हिवताप आहे, घाबरायचं कारण नाही, असं ते म्हणाले आणि मी ते तिला शब्दशः सांगितलं. ती बरं म्हणाली. मग चपला घातल्या आणि डॉक्टरांच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, स्वतः विचारायला.