कुत्री गप होईपर्यंत

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत शीतकपाटाचं तापमान वहीत लिहीत होते. तिचा धाकटा भाऊ बोलत होता. "ताई, अक्का गेली." मी विचारलं, "किती वाजता?" पहिला प्रश्न हाच कसा सुचला, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा सवय. आमच्या कामात आधी वेळ लिहायची, बाकीचं नंतर.

त्याच दुपारी मी यादी केली. कुणाकुणाला कळवायचं, तिच्या टेबलावरचे कागद कुणाकडे द्यायचे, गोठवलेले नमुने कुणाच्या नावावर करायचे. यादीशिवाय मला सुधरत नाही. सुनंदा मला 'यादीबाई' म्हणायची, चारचौघांतसुद्धा. तेराव्यापर्यंत सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या. एकच ओळ राहिली : 'बायडाबाईंना सांगणे.' ती मी पुढच्या पानावर उतरवली, मग त्याच्या पुढच्या...

आमची ओळख भोरच्या कॉलेजातली. मी सारोळ्याची, ती मार्गासनीची, भातशेती करणाऱ्या घरातली. पुढे पुण्यात एकाच संस्थेत लागलो. ती संशोधक, मी तंत्रज्ञ. एवढ्या वर्षांत जेवणाचा डबा आम्ही कधी वेगवेगळा उघडला नाही. तिचा विषय होता जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे जंतू ओळखीचा असो वा नसो, अंगात शिरल्यावर शरीर पहिल्या काही तासांत जे करतं ते. चाहूल लागली की पांढऱ्या पेशींच्या आत निरोप जातो आणि एरवी मिटून असलेली जनुकं उघडून वाचली जाऊ लागतात. काही अर्ध्या तासात, काही तीन-चार तासांनी, पहिल्यांनी वर्दी दिल्यावर. कोणतं जनुक कधी उघडतं आणि ते पुन्हा मिटवतं कोण, यात तिचं आयुष्य गेलं.

रक्ताच्या नमुन्यांसाठी आम्ही वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर जायचो. तिथल्या शेळ्या पावसाळाभर भिजतात, तापतात आणि दोन दिवसांत पुन्हा चरायला लागतात. कशा, ते सुनंदाला बघायचं होतं. त्या शेळ्या बायडाबाईंच्या. साठीच्या पुढची, काटक, तोंडाची फटकळ बाई.

"रगात नेऊन काय बघता तुमी?" पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं.

मी टाळणार होते, पण सुनंदा मांडी घालून बसलीच. म्हणाली, "मावशी, वाड्यावर बिबट्या आला की काय होतं? आधी एक कुत्रं भुंकतं. मग सगळी भुंकतात. मग माणसं काठ्या घेऊन उठतात. रक्तातपण असंच होतं. कोण आधी भुंकतं, कोण मागून, ते आम्ही बघतो."

बायडाबाईंनी जरा विचार केला. "आन् बिबट्या गेल्यावर त्यास्नी गप कोण करतं? न्हाईतर कुत्रीच शेरडं फाडतील की!"

सुनंदा माझ्याकडे बघून हसली. परतीच्या एसटीत ती एवढंच म्हणाली, "शैला, बाईंनी माझा पुढचा प्रकल्प लिहून दिला." आणि खरंच, तिचं पुढचं सगळं काम आवरणाऱ्या जनुकांवर झालं.

पण त्याआधी आमचं एक वर्ष वाया गेलं. रक्ताचे वाटे करायचे, त्यांत मेलेल्या जंतूंचे अंश घालायचे आणि ठरल्या वेळांनी कोणती जनुकं वाचली जाताहेत ते मोजायचं. त्यातला पहिला वाटा शून्य वेळेचा, काहीही न घातलेला, शांत. आमचा शून्यच शांत निघेना. जंतू घालायच्या आधीच जनुकं उघडलेली. चूक माझी होती. शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी पोचल्या पोचल्या शेळ्या धरायला लावायची. त्या पळायच्या, दमून ओरडायच्या, मग त्यांचं रक्त पेटीत घालून पुण्यापर्यंत खडखडत न्यायचं. रक्तानं गोंधळ केला नसता तरच नवल.

हे मी सांगितलं तेव्हा सुनंदा रागावली नाही. पुढच्या खेपेला बायडाबाई मात्र बोलल्या, "तरी म्या म्हनत हुते, ही बाई आल्या आल्या शेरडामागं का लागतीया! वाड्यावर आल्यालं मानूस आधी बसतं. कुत्री वरडत्यात तवर कुनी कामाचं बोलत न्हाई. ती गप झाली की मग काय ते." बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी तिथला रिवाज हाच.

त्यानंतर आम्ही वाटे वाड्यावरच करून, ठरल्या वेळी एकेक वाटा जागच्या जागीच औषधात स्थिर करू लागलो. आणि सुनंदानं माझ्या वहीत, माझ्या यादीच्या डोक्यावर, स्वतःच्या हातानं ओळ घातली : 'कुत्री गप होईपर्यंत बसणे.' मी कुरकुर केली, कारण याला वेळ किती धरायचा ते कळेना. "धरू नकोस," ती म्हणाली. आम्ही दगडावर बसायचो. ती समोरचा डोंगर बघायची, मी घड्याळ. पुढे शून्य शांत आला.

आजारपणात ती मार्गासनीला जाऊन राहिली. शेवटची भेट तिथलीच. मी औषधं नेली, सह्यांचे कागद नेले, एकेक बाब वाचून खूण करत गेले. काम संपलं आणि मी पिशवी उचलली. ती उशीला टेकून म्हणाली, "शैला, कुत्री गप झाली का गं?" मला कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं. मी म्हटलं, "गाडी जाईल गं, रविवारी निवांत येते." ... शुक्रवारी फोन आला.

मागच्या आठवड्यात अखेर वाड्यावर गेले. बायडाबाईंच्या मुलाकडे मोबाईल आहे, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. वेल्ह्याहून चढ चढताना पहिल्यांदाच पुढे कुणी नव्हतं. कुत्री धावून आली, भुंकली. बायडाबाई बाहेर आल्या, माझ्या मागच्या वाटेकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "बसा. आदी बसा."

मी त्याच दगडावर बसले. शेजारची जागा सोडून बसले, हे बसल्यावर लक्षात आलं. बायडाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या अंगणात खाली टेकल्या. मांडीवर वही होती, वरची ओळ तिच्या अक्षरातली. त्या ओळीपुढे मी कधीच खूण केली नव्हती; ते मला काम वाटलंच नव्हतं.

एकेक कुत्रं गप होत गेलं. शेवटचं चुलीजवळ जाऊन आडवं झालं. बायडाबाई माझ्याकडे बघत होत्या, मी बोलायची वाट पाहत. समोरच्या डोंगरावरचं ऊन सरकत होतं, आणि मी किती वेळ तशीच बसले होते, ते मला सांगता येणार नाही.