आढ्याला बांधलेलं चिमणाळं

फुलांच्या धंद्यात डोळा चालतो, शाळा चालत नाही. मी दुसरीतून उठलो ते पुन्हा पाटीला हात लावला नाही. पण नाशिकच्या फूलबाजारात टोपलीवरचा ओला फडका बाजूला केला की झेंडू आजचा का कालचा, हे मी उभ्याउभ्या सांगायचो. त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत कोणी मला शिकवलेलं खपत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. घरात पहिली नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण सुनेच्या माहेरी, घोटीला, तिची आई नव्हती, म्हणून आमच्याच मळ्यातल्या घरात झालं. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं मी स्वतः केलं. लाकडाच्या सहा चिमण्या कोरल्या आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गुलाबी-पिवळा रंग त्यांना दिला. लोक ते पाळण्याच्या दांडीला बांधतात. मी आढ्याला बांधलं. एक तर मी उंच, खाली बांधलं तर पाळण्यात वाकताना टोपीला धक्का लागायचा. दुसरं म्हणजे, आला-गेला दारातूनच बघायचा आणि विचारायचा, "कोणी केलं हो?" मला ते आवडायचं.

सवा महिना झाला. सगळ्यांनी चिमण्या बघितल्या, जिच्यासाठी केल्या तिनं नाही. दोरी हलवा, टाळी वाजवा, पोरगी आपली भलतीकडंच बघायची. शेजारची म्हातारी एक दिवस पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "हिची नजर लागत नाय कुठं. दिसतंय ना पोरीला?"

सुनेचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ती कामातून उठून पाळण्याशी यायची, पोरीच्या तोंडापुढून हात न्यायची आणि परत चुलीपुढं जाऊन बसायची. शेवटी मला म्हणाली, "मामा, डॉक्टरला दाखवू का?"

"कशाला? आमच्या घरात आजवर चष्मा नाय लागला कोणाला. आण इकडं."

मी मांडी घालून बसलो, पोरीला मांडीवर घेतलं, तोंडाशी तोंड नेलं. पोरगी टक लावून बघायला लागली. पापणी लववेना.

"बघ! आजोबाला कशी बघती! हिला दिसत नाय म्हणे."

सून वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, ती तुमच्या डोळ्यांत नाय बघत. वर बघती, कपाळाच्या वर."

"तुला लय कळतं," म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून उघड्या डोक्यानं आत आलो. घरात कोणी नव्हतं. पोरगी जागी होती. मी कालच्यासारखंच तोंड जवळ नेलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. नजर माझ्या तोंडावरून घसरून दाराच्या उजेडाकडं गेली, जसा काही मी तिथं नव्हतोच. मी हाक मारली, पुन्हा वाकलो. काही नाही. टोपी घातली, परत वाकलो, तर लागली बघायला. मला त्याचा अर्थ लागेना. एवढंच कळलं की काल पोरीनं मला बघितलं नव्हतं.

हे मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. "आमच्या घरात चष्मा नाय" असं सगळ्यांसमोर बोललो होतो, ते गिळायचं कसं? आठ दिवस गप्प राहिलो. खुडायला गेलो की ओळीत झेंडू सोडून पुढं जायचो. बायको मागून यायची आणि म्हणायची, "हे काय, म्हशीला ठेवली का फुलं?" घरात कोणी पोरीला दिसत नाही म्हटलं की मी तिला उचलायचो आणि दाखवायचो, "ही बघा, बघती का नाय?"

आठव्या दिवशी दवाखान्याची नर्सबाई आली. मला वाटलं डोस द्यायला आली. डोस देऊन झाल्यावर सून म्हणाली, "ताई, हिची नजर बघा ना जरा." मी तिच्याकडं रागानं बघितलं, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती.

नर्सबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, डोळ्यांत छोटी बॅटरी मारली, मग इकडंतिकडं पाहिलं. "आजोबा, टोपी द्या बरं."

"टोपी कशाला?"

"द्या हो, खात नाही मी."

दिली. तिनं पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर टोपी धरली आणि सावकाश डावीकडं नेली. पोरीची नजर टोपीबरोबर गेली. उजवीकडं नेली, नजर उजवीकडं. थोडी अडखळत, पण गेली.

"दिसतंय हिला," बाई म्हणाली. "दीड महिन्याच्या लेकराला लांबचं धूसर असतं. हातभर अंतरावरचं, ठळक कडेचं तेवढं दिसतं. तुमचा सावळा चेहरा आणि वर पांढरी टोपी, ती जिथं मिळतात ती रेघ बघते ती. टोपी काढली की रेघ गेली. तीन-चार महिन्यांनंतरही नजर ठरली नाही, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या." मग तिनं वर मान केली. "हे चिमणाळं कोणी बांधलं तिथं?"

"मी."

"छान आहे. पण ते तुमच्यासाठी बांधलंय, पोरीसाठी नाही."

बायको तोंडाला पदर लावून हसली. सून रडायला लागली. मी म्हणालो, "मला ठाऊकच होतं दिसतंय म्हणून," आणि टोपी घेऊन मळ्यात गेलो. चिमणाळं मात्र संध्याकाळच्या आत दांडीला बांधलं, अगदी खाली.

दोनतीन आठवड्यांत पोरीची नजर टोपीवरून खाली उतरली, आधी भुवयांवर, मग डोळ्यांवर. पहिल्यांदा डोळ्यांत बघून हसली तेव्हा मी तिला खाली ठेवलं नाही. आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर आमचा खेळ असायचा. मी झेंडूचं फूल तिच्यासमोर टोपीखाली झाकायचो. आधी-आधी फूल झाकलं की तिच्या लेखी संपलंच. मग एक दिवस तिनं टोपी उचलून फूल काढलं. पुढं तिच्या डोळ्यांदेखत मी फूल फडक्याखाली ठेवलं, तरी ती टोपीच उचलायची. बायको म्हणाली, "एकदा सापडलं म्हणजे तिथंच! तुमच्यावरच गेली."

तिच्या धाकट्या भावाच्या वेळी दोन हजार साल उलटून गेलं होतं. चिमणाळं मी पहिल्या दिवसापासून खाली बांधलं. पाळण्यात वाकताना प्रत्येकाचं डोकं आपटायचं, माझी टोपी पडायची. एकदा पडलेली टोपी उचलताना सून जवळ होती. तेव्हा तिला सांगून टाकलं, की मागच्या वेळी पोरगी टोपीशिवाय मला बघत नाही हे मला आठ दिवस आधी कळलं होतं आणि मी बोललो नाही.

ती पाळणा हलवत होती, तशीच हलवत राहिली.

"मला माहीत होतं, मामा."

"कसं काय?"

"तुम्ही आठ दिवस दुपारचं झोपतानासुद्धा टोपी काढली नाय. म्हटलं, मामापण घाबरलेत. मग मीच नर्सबाईला निरोप धाडला."

मी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. पाळण्यातलं पोरगं टोपीकडं बघायला लागलं.