राखून ठेवलेली दाढ

आमच्याकडं शिरोळला दोडक्याच्या वेलावर एखादा दोडका बियाण्याला राखून ठेवतात. येता-जाता कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची. तो कितीही कोवळा दिसला तरी भाजीला हात लावायचा नाही. तो जून व्हायचा, वाळायचा, हलवला की आत बिया वाजायच्या, तेव्हा कुठं मालकाच्या कामाचा. आता दोडक्याला कोण विचारतंय म्हणा! पण माझ्या डावीकडच्या दाढेबद्दल मला तरी कुणी विचारायला हवं होतं. ती गेली. उजवीकडच्या दाढा आधीच गेलेल्या, चावायची भिस्त सगळी हिच्यावर होती. आता भाकरी कालवणात कुस्करून खाते, आणि जीभ दिवसभर त्या खड्ड्यात जाऊन बसते. तिला कितीदा सांगितलं, तिथं काही नाही, तरी जातेच.

नात माझ्याकडं शहरात, राजारामपुरीत राहायला आली ती दातांची डॉक्टर व्हायला. थोरल्या लेकाची पोर. तो आणि सून शिरोळला, ऊस सोडून येणार कुठं? फ्लॅटमध्ये मी एकटीच होते, मला बरंच झालं. सकाळी मी वंदना करून उठायची तोवर ही गॅलरीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करत असायची, सगळं इंग्रजीत. मी शेंगा सोलत ऐकायची. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं काय ते पोरांच्या पुस्तकांतनं आणि पुड्यांच्या कागदांतनं माझं मीच शिकले, त्यामुळं कानावर आलेलं सोडून द्यायची सवय नाही. म्हणायची, "मला कळंल असं सांग बघू. मला सांगता आलं की सरांना सांगायला काय जड हाय?"

मग ती सांगायची. दाताचं वरचं कवच हाडापेक्षा टणक, पण त्याला कळ कळत नाही. कीड तिथं आहे तोवर माणसाला पत्ता लागत नाही. आतल्या थराला पोचली की गार आणि गोड झोंबतं, पण क्षणभर. पाणी गिळलं की गेलं. इथवर दाढ भरली तर वाचते. त्याच्या आत शीर. कीड शिरेला भिडली की गरम चहानंही ठणका लागतो, थांबता थांबत नाही, आडवं पडलं की आणखी वाढतो.

"आणि मग एक दिवस दुखायचं थांबतंय," ती म्हणायची.

"मग बरं झालं की."

"बरं न्हाय गं आज्जी! शीर मेलेली असती. पेशंट खूश, आणि खाली मुळाशी पू धरतोय."

मला हे इतकं आवडलं की खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात थांबवून सांगितलं. संकटाचे धडेही मला पाठ झाले होते. खुर्चीत पेशंटला घेरी आली तर आडवा करायचा, पाय वर करायचे. पोराचा पक्का दात पडून हातात आला तर मुळाला बोट लावायचं नाही, दुधात टाकून डॉक्टराकडं पळायचं. जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, घोट गिळेना, तर बसून राहायचं नाही, श्वास कोंडतो. आणि सगळ्यांच्या आधी एक गोष्ट: पेशंटला काय होतंय ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. आपले शब्द त्याच्या तोंडात घालायचे नाहीत.

उन्हाळ्यात एकदा तिनं मला गॅलरीत उजेडाला बसवलं आणि छोटा आरसा घालून तोंड बघितलं. डावीकडं जरा जास्तच वेळ रेंगाळली. दुसऱ्या दिवशी, सराव म्हणून, कॉलेजात नेऊन दाढेचा एक्स-रे काढला. घरी आल्यावर म्हणाली, "काय न्हाय आज्जी. झकास हाय." मी तिला गरम पुरणाची पोळी वाढली. नातीनं दात तपासले, झकास म्हणाली. आणखी काय पाहिजे माणसाला?

पावसाळा लागला आणि माठातलं पाणी झोंबायला लागलं. तिला सांगितलं. "वयानं होतंय. पेस्ट बदल," म्हणाली. आता मला धडा पाठ होता की नाही? होता. पण धडा मी तिच्याकडूनच शिकलेली. शिकवणारीच काही नाही म्हणते, तर माझं कसलं डोकं चालवायचं?

मग एकदा तिची मैत्रीण आली. मी चहा ठेवला होता, दोघी बाहेर बसलेल्या. परीक्षा पुढं ढकलली म्हणून बोलणं चाललं होतं. परीक्षेत प्रत्येकीनं आपापला पेशंट आणायचा असतो, तेव्हाच कळलं मला. दोन दाढांच्या मधे बेताची कीड असलेला, ठरल्या दिवशी हजर होणारा. आदल्या वर्षी एका पोरीचा पेशंट कुरुंदवाडहून यायचा होता. पुराचं पाणी रस्त्यावर आलं, पेशंट तिकडं आणि पोरगी इकडं रडत. ती नापास.

"तुझं काय बाई," मैत्रीण म्हणाली, "तुझी केस घरातच. आज्जी, तोंड जपा हं! परीक्षेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

मी चहा घेऊन बाहेर आले आणि हसले. "का गं, माझ्या तोंडाचा लिलाव हाय व्हय?"

मैत्रीण खदखदून हसली. माझी नात हसली नाही. ती बशीकडं बघत होती.

तिथंच मला चिंधी दिसायला हवी होती. उलट मला मोठेपणा वाटला. मी केस! जिन्यातल्या बाईंना तेही सांगितलं.

पुढं चहानं ठणका लागायला लागला. नातीनं गोळ्या आणून दिल्या. "रस्त्यापलीकडच्या, समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडं जाऊ का?" विचारलं, तर म्हणाली, "कशाला? मी हाय की. थोडंच दिवस थांब." मी थांबले. आणि एका सकाळी उठले तर दुखत नव्हतं. चहा पिऊन बघितला, काही नाही. आनंदानं तिला हाक मारली, "अगं, थांबलं की गं!"

तिचा चेहरा उतरला. बूट घालत होती, एक बूट हातातच राहिला. मी त्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचाच धडा माझ्या डोक्यात तिच्याच आवाजात वाजला. तिनं तो बूट पायात चढवला, मी कप विसळला. ती कॉलेजला गेली.

चारचौघांत फसवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचं काही वाटत नाही. पण ज्या पोरीनं "पेशंट खूश, खाली पू" असं मला शिकवलं, तिनं मला खूश राहू दिलं.

काही दिवसांत गाल सुजला. एका सकाळी सूज जबड्याखाली उतरलेली, अंगात ताप, तोंड बोटभरही उघडेना. मी खूण करून पाणी मागितलं आणि घोट बाहेर आला. मग मात्र पोरीनं वेळ घालवला नाही. रिक्षात घातलं आणि सगळ्या रस्त्यानं माझा हात धरून बसली. मी हात काढून घेतला नाही. अंगात जोरच नव्हता.

कॉलेजात मोठ्या मॅडम आल्या. "कधीपासून आहे?"

"कालपासनं, मॅडम," नात म्हणाली.

"तुला नाही विचारलं. आजी, तुम्ही सांगा. सावकाश, तुमच्या शब्दांत."

दातांवर दात धरूनच बोलावं लागलं. "उन्हाळ्यात हिनं बघितलं. फोटो बी काढला. काय न्हाय म्हणाली. मग झोंबलं, मग ठणकलं, मग थांबलं. मग हे."

मॅडम तिच्याकडं वळल्या. एवढंच म्हणाल्या, "परीक्षेसाठी?"

तिनं मान डोलावली.

पू काढला, औषधं चालू केली, सूज उतरल्यावर दाढ काढली. ती वाचण्यासारखी राहिलीच नव्हती. परत येताना रिक्षात ती रडत म्हणाली, "परीक्षा वेळेवर झाली असती तर मीच भरली असती, आज्जी. लई चांगली भरली असती. दुसरं कोण ऐनवेळी आलं नसतं. तू नक्की आली असतीस."

"म्हणून?" मी म्हटलं. "मी नक्की येणार, म्हणून मला सांगायचं न्हाय?"

मनात मात्र चाललंच होतं: अगं, सांगितलं असतंस तर मी आपण होऊन राखली असती ती दाढ. झोंबली असती तर झोंबली असती. नाहीतर कोपऱ्यावरच्या भाजीवालीचीही दाढ किडलेली होती, तिला तुझ्यासाठी तयार केलं असतं, मग माझी तू आधीच भरली असतीस तरी चाललं असतं. शेवटी परीक्षेला तीच आली. मीच गळ घातली तिला. पोर पास झाली.

आता ती इथंच एका दवाखान्यात बसते. लोक म्हणतात, तिचा हात हलका आहे, दाखवून समजावून सांगते. असेल. घरात आम्ही बोलतो, जेवतो, हसतोही. पण ती आरसा घेऊन आली की माझे ओठ आपोआप मिटतात.

परवा पुन्हा गॅलरीत स्टूल मांडलं तिनं. "आज्जी, एकदा बघू दे की गं." मी आतनं माझा केस विंचरायचा आरसा आणला, डाव्या हातात धरला आणि मग तोंड उघडलं. ती आत बघत होती, मी तिच्याकडं. तिनं माझा आरसा धरून वळवला आणि वरच्या एका दातावर बोट ठेवलं. "हितं बघ. बारीक काळं दिसतंय? सुरुवात हाय."

दिसलं मला.

"कवा भरायचं?"

"आजच. चल, माझ्याकडं येतीस?"

मी स्टुलावरनं उठले, पदर सारखा केला. "चल. पण समोरच्या डॉक्टरांकडं."

तिनं आरसा खाली ठेवला. माझी पिशवी उचलली, खाली रस्ता ओलांडताना माझा दंड धरला, आणि मी आत खुर्चीत बसले तशी ती बाहेर, पेशंटांच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.