चालून पाहिलेले निबंध

गणिताच्या सरांनी बाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या फाटकाशी. घंटा केव्हाच होऊन गेली होती, आणि भाषा शिकवायला नव्यानं आलेल्या या बाई घामाघूम होऊन आत शिरत होत्या. चपलांना लाकडाचा भुसा, हातात एक चुरगळलेला कागद, आणि चेहऱ्यावर असा राग, की शिपायानं उशीर का झाला हे विचारायचं सोडून मुकाट वाट दिली.

सरांचा तो तास मोकळा होता. कुतूहलापोटी ते मागोमाग आठवीच्या दारापर्यंत गेले.

"‘माझ्या घरापासून शाळेपर्यंत’ हे कुणी लिहिलंय?"

पहिल्या बाकावरची, पहिला नंबर कधी न सोडणारी मुलगी ऐटीत उभी राहिली.

"तू लिहिलंस, चौकातून वळावे. कुठे वळावे?"

"शाळेकडे, बाई."

"मला शाळा माहीत नाही असं धर. तुझ्या घरापासून निघाले, चौकात वळले, आणि थेट लाकडाच्या वखारीत जाऊन उभी राहिले. मालक विचारतो, ताई, फळ्या हव्यात का?"

वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "दुतर्फा हिरवीगार झाडे डोलतात म्हणे! एकच झाड आहे तिथे, आणि त्याला कुणीतरी टायर टांगलाय. तो टायर लिहिला असतास, तर मी चुकले नसते."

त्या दिवसापासून त्यांचं नाव वखारबाई पडलं. ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि कुणी दबकत उच्चारलं तर त्या म्हणायच्या, "मोठ्यानं म्हण, लाजतोस काय?"

माहितीपर लेखन तपासायची त्यांची हीच रीत. मुलांनी जे लिहिलं, ते त्या तसंच्या तसं करून बघत. पंक्चर कसं काढावं यावर कुणी लिहिलं, की भर मैदानात ट्यूब आणि पाण्याची बादली घेऊन बसत. मध्ये एखादं वाक्य राहिलं असेल, तर त्यांचा हात तिथेच थांबे. "पुढे काय? तू लिहिलं नाहीस, मी कशी करू?" पोराला त्या कधी ढ म्हणाल्या नाहीत. वाक्याला म्हणायच्या. "हे वाक्य ढ आहे, बाळा. याला वर्गाबाहेर उभं कर."

शिक्षकांच्या खोलीत सर समजावायचे, "बाई, रक्तदाब वाढेल."

"वाढू दे. तुमचं बरंय. दोन नि दोन पाच लिहिलं की तुम्ही फुली मारून मोकळे. माझ्याकडे पाच लिहिलं तर लोक म्हणतात, अक्षर किती सुंदर!"

दोन वर्षं त्यांनी त्या वर्गाला असं हाताला धरून चालवलं, आणि वर्ग दहावीत आला. सराव परीक्षेच्या आधी बाई तापानं घरी होत्या. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी, पोरांच्या मोठ्या सरांनी, त्यांचा तास घेतला, कुठल्याशा जुन्या मार्गदर्शकातून ग्रंथालयावरचं नमुना उत्तर फळ्यावर लिहून दिलं आणि पाठ करायला सांगितलं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला: तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाची माहिती द्या.

बाई पेपर तपासायला बसल्या, तेव्हा सर समोरच होते. ‘आमचे ग्रंथालय प्रशस्त व हवेशीर असून...’ बाईंनी पेपर उलटला. दुसराही प्रशस्त. तिसराही हवेशीर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गठ्ठा उचलून त्या तडक वर्गावर गेल्या.

"उठा सगळे. आपलं ग्रंथालय बघून येऊ."

व्हरांड्यात वर्गाला उभं करून त्या वाचू लागल्या. "‘मुख्य दारातून आत येताच उजव्या हातास...’ वळा उजवीकडे!"

उजव्या हाताला एक दार होतं आणि दाराला गंजलेलं कुलूप. शिपाई म्हणाला, "किल्ली मोठ्या सरांकडे." खिडकीची खालची काच फुटलेली होती. तिथून मोडक्या बाकांचा छतापर्यंत गेलेला ढीग दिसत होता. वर्गातलं कुणी कधी आत गेलं नव्हतं. इतकी वर्षं नोकरी करून सरांनीही ते दार उघडं पाहिलं नव्हतं.

"‘मी रोज मधल्या सुट्टीत येथे वाचत बसते,’" बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीचा पेपर वाचला. "कुठे बसतेस ग? त्या ढिगावर?"

मुलीचे डोळे भरले. "मोठ्या सरांनी सांगितलं होतं, बाई."

"त्यांनी सांगितलं म्हणून तू बसलीस?"

त्या प्रश्नाला बाईंनी सरसकट शून्य दिलं. मधल्या सुट्टीच्या आत मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. परीक्षेचं काम सरांकडे असल्यामुळे त्यांनाही.

"बोर्डाचा परीक्षक काय आपलं ग्रंथालय बघायला येणार आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. "निबंध आहे तो, कोर्टातलं प्रतिज्ञापत्र नव्हे."

"माहिती द्या म्हटलंय, साहेब. स्वप्न सांगा नाही म्हटलेलं. एक तर निबंध बदला, नाहीतर खोली."

"दहावीचा वर्ग हवाय ना तुम्हाला?"

"हवाय. या पोरांना मी इथवर आणलंय."

"मग गुण द्या."

बाहेर पहिल्या बाकावरच्या मुलीची आई उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच. शिवणाचं दुकान सोडून धावत आली होती. "बाई, माझ्या पोरीला भोपळा?"

"तिनं खोटं लिहिलं, ताई."

"खरं लिहून कुणाचं भलं झालंय? आधी मार्क द्या, खरं-खोटं मागाहून शिकवा."

"गिऱ्हाइकाचं माप न घेता तुम्ही कापड बेतता का?"

"माझ्या कापडाला बोर्डाची परीक्षा नसते, बाई," असं म्हणून मुलीची आई ताडताड निघून गेली. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

गुण वाढवायला बाईंनी एकच वाट ठेवली: फुटक्या काचेतून बघा आणि पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद सरांपुढे आपटला. "वाचा!"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं होतं: ‘आमच्या शाळेचे ग्रंथालय बंद असते. खिडकीपाशी गुडघे टेकून पाहिले तर आतले दिसते. समोर मोडकी बाके एकावर एक रचली आहेत. त्यांच्या मागे कपाट आहे. त्यात पुस्तके असावीत, पण ती दिसत नाहीत. कपाटापर्यंत जायचे असेल तर आधी सगळ्यात वरचे बाक काढावे. त्याला तीनच पाय आहेत, म्हणून ते दोघांनी धरावे.’

सरांनी दोनदा वाचलं. हा कागद हातात घेऊन कुणीही ती खोली मोकळी करू शकला असता. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले होते.

"एक का कापलात?"

"किल्ली कुणाकडे आहे, ते लिहिलं नाही तिनं."

नव्या कागदांचा गठ्ठा बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो न वाचता खणात ढकलला, जुने पेपर मागवले आणि स्वतःच्या हातानं प्रत्येकाला आठ गुण देऊन टाकले. प्रशस्तला आठ, हवेशीरला आठ. मग यादी सरांपुढे सरकवली.

"हे माझ्या हातून उतरवलं जाणार नाही, साहेब," सर म्हणाले. त्यानं काही अडलं नाही. कारकुनानं उतरवलं.

सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. दहावीपुढचं बाईंचं नाव खोडलेलं होतं. त्या तरीही वर्गाकडे गेल्या, सर त्यांच्या सोबत गेले. दार लोटलेलं होतं. आतून मुख्याध्यापकांचा संथ आवाज येत होता. "लिहा. आमचे क्रीडांगण विस्तीर्ण असून... झालं? असून..." आणि आत खाली मान घालून सगळी पेनं एकदम चालत होती.

"क्रीडांगण!" बाई म्हणाल्या. मागे वळून त्यांनी एवढ्याशा मैदानाकडे पाहिलं, तिथे मुख्याध्यापकांची गाडी उभी होती. सर काहीतरी बोलणार होते, तर त्या म्हणाल्या, "रक्तदाबाचं नाव काढू नका."

पुढे कोणत्याच वर्षी त्यांना दहावी मिळाली नाही. ग्रंथालयाचं कुलूप आहे तिथेच आहे. बाईंकडे सध्या पाचवीची एक तुकडी आहे, आणि कुणा ना कुणाचा निबंध हातात धरून त्या रोज वेगळ्या रस्त्यानं शाळेत येतात.